रविवारची सुई

सीवूड्स, नवी मुंबई
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

ती. आईस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

काल उदयसिंहभाऊंच्या टेम्पोतून तुझी पिशवी पोचली. आल्याच्या पोत्यांखाली दबून दोन वांगी गेली, बाकी पावटा, तिळाची चटणी आणि हरभऱ्याचे डहाळे सुखरूप. सुखरूप म्हणजे वाशी मार्केटपर्यंत. तिथून रूपेश ती घरी आणेपर्यंत निम्मा हरभरा त्याने आणि त्याच्या गाळ्यावरच्या मापाड्यांनी सोलून खाल्ला होता. पिशवीचं तोंड शिवून पाठवत जा म्हणून तुला किती वेळा लिहिलं! जावयावर तुझा फार विश्वास.

इकडे सगळी बरी आहेत. ज्ञानूला शाळेत गोष्ट सांगण्यात दुसरा नंबर मिळाला आणि पहिला नंबर आलेल्या मुलीशी तिने बोलणं टाकलंय. इंद्रा सतरा महिन्यांचा झाला. चालतो कमी, चढतो जास्त. परवा त्याला आंघोळ घालायला मी गाऊन वर खोचला होता, तर ज्ञानूने माझ्या गुडघ्यावरचा तो लांब डाग पाहिला आणि हे काय म्हणून विचारत बसली. मग तिला तुझी बाभळीच्या काट्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून ती गार्डनमध्येसुद्धा खाली बघून चालते.

आता मोठी बातमी. समोरच्या फ्लॅटमधली क्षिप्रा, जिला तू इंद्राच्या बारशाला पाहिलंस, तिने रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. मी सहा दुपटी मांडली. तुझी ती मोरपंखी सुती साडी, माझ्या दोन, आणि आत मऊ जुनं धोतर. सगळा धावदोरा हाताने घातलेला. थंडी पडलीय, त्यामुळे बायका हात लावायच्या आणि सोडवत नाही म्हणायच्या. दुपारी एकपर्यंत सहाही गेली. आई, मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन रिकामी पिशवीच सगळ्यांना दाखवली.

इथपर्यंतचं सकाळी लिहिलं होतं. आता दुपारचे तीन वाजलेत.

इंद्राच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करायला बसले. तू लग्नात दिलेला पितळी डबा उघडला आणि सवयीने गोधडीच्या सुया मोजल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवार नाही. ती जरा वाकलेली, जिला मी लहानपणी वाकडा वार म्हणायचे, ती.

माझी पद्धत तुला माहीत आहे, तुझीच आहे. इंद्रा दुपारी दीड तास झोपतो. त्यात सुई ओवत बसायला वेळ कुठला, म्हणून ज्ञानूची बस गेली की मी सातही सुया ओवून ठेवते. एक दोरा संपला की ती सुई दुपट्याच्या काठाला टोचायची, दुसरी उचलायची. उठताना वार मोजायचे. शनिवारी सहाही दुपट्यांचे शेवटचे दोरे चालले होते आणि मशीनवर काठाच्या पट्ट्याही. तेवढ्यात इंद्रा स्टुलावरून पडला. मी धावले, त्याला घेऊन फेऱ्या मारल्या, आणि परत येऊन उरलेल्या पट्ट्या भराभर मारून टाकल्या. वार मोजले नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक दिवस मोजले नाहीत.

घर उलटं केलं. गाद्या, मशीनचा खण, केरसुणी, कचऱ्याची बादली, सगळं. दोन्ही मुलांचे पाय, गुडघे, तळवे बघितले. नाही. म्हणजे ती पट्टीच्या आत गेलीय. सहांपैकी कुठल्या तरी एकात. आई, कुणाचं तरी बाळ आत्ता माझ्या सुईवर झोपलं असेल.

फोन केला असता, पण तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे मानसिंगदादाने ऐकून तुझ्या कानाशी ओरडायचं. हे दादाच्या तोंडून साऱ्या आळीला कळावं असं मला वाटत नाही. रूपेशलाही अजून सांगितलं नाही. काय करू ते लगेच लिही. टेम्पो उद्या निघेल.

दादावहिनींना नमस्कार. माझ्यावर रागव, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
उत्कर्षा


मु. पो. आंबेवस्ती, ता. कोरेगाव
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी ते गोठ्यात जाऊन वाचलं, घरात वाचवेना. मानसिंगने विचारलं की काय झालं, मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला.

आधी कामाचं लिहिते. हाताने चाचपून गोधडीतली सुई लागत नाही, दोऱ्याच्या रांगेत ती लपते. लोहचुंबक घे. जुन्या रेडिओच्या कर्ण्यात जाडजूड असतो तसला. दुपट्यावरून हळूहळू फिरव, सुई असेल तर कापडासकट वर उचलेल. तुझ्या पोरांच्या गाद्यांवरून आणि अंगावरच्या कपड्यांवरूनही फिरव. तू म्हणतेस बघितलं, तरी परत बघ.

मग त्या सहाही घरी जा. पायात चपला घाल आणि जा. दारात उभी राहून सांग की माझी सुई हरवली आहे, दुपटं बघू द्या. तुला लाज वाटेल. वाटू दे.

मोजायचं कसं राहिलं गं? पोर पडलं हे मान्य. पण पोर उचलून घेतल्यावरही तोंडाने वार म्हणता येतात. असो. आता बोलून तरी काय होतं.

मी कालपासून जेवले नाही असं वहिनी तुला फोनवर सांगेल, ते खरं नाही. जेवते. घास खाली उतरत नाही इतकंच.

जावईबापूंना सांग. घरातल्या माणसापासून असलं लपवू नये. पुढच्या टेम्पोने निरोप आलाच पाहिजे. पोरांना माझे पापे. तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे, वर काळजीची भर पडली.

तुझी,
आई


सीवूड्स
सोमवार, १३ जानेवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आज भोगी. तू पाठवलेल्या पावट्याची, गाजराची मिसळीची भाजी केली, बाजरीच्या भाकरी केल्या, आणि मी उभ्याने अर्धी खाल्ली. ज्ञानू म्हणाली की मम्मी, तू हसत का नाहीस, तुझी कुणाशी कट्टी आहे का. तिला काय सांगू?

तू सांगितलंस तसं रूपेशला सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून कसला चुंबक हवा ते विचारायला लागला. दुसऱ्या दिवशी मार्केटमधून एका बंद पडलेल्या स्पीकरचा चुंबक घेऊन आला. भाकरीएवढा आहे. पहिल्यांदा मी तो इंद्राच्या गादीवरून फिरवला, मग त्याच्या अंगावरून. त्याला वाटलं नवीन खेळ आहे. आता दिवसातून चार वेळा पोट उघडं करून माझ्यापुढे आडवा होतो आणि खदखदा हसतो. मी हसते आणि चुंबक परत पहिल्यापासून फिरवते.

आता ऐक, रागावू नकोस. तू म्हणालीस दारात जाऊन खरं सांग. मी ते केलं नाही. मी जरा डोकं चालवलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की प्रदर्शनात दुपटं घेतलेल्यांना संक्रांतीची भेट म्हणून बाळाचं नाव रेशमाने फुकट भरून देईन, दुपटं एका दिवसासाठी आणून द्या. क्षिप्राने त्यावर तीन फुलं टाकली. बघ, लोकांनी दुपटी आपल्या हाताने घरी आणून दिली. माझं नाव वाईट नाही, कुणाच्या पोटात भीती नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, तासभर.

चार शनिवारी आली. दार लावून एकेकावरून चुंबक फिरवला. चुंबक दोनदा सुटून पायावर पडला. चारांत काही नाही. मग चार नावं भरत बसले. त्यातलं एक नाव राजलक्ष्मी! एवढंसं बाळ आणि केवढं नाव, अक्षरं भरता भरता बोटं दुखली. पाचवं दुपटं घेणारीने ते वाशीला सेक्टर नऊमध्ये बहिणीकडे पाठवलं होतं, ते मी स्वतः जाऊन आणलं. त्यातही नाही.

सहावं राहिलं, म्हणजे ते मोरपंखी, तुझ्या साडीचं. ते एका वयस्क बाईंनी घेतलं. कासोट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, गळ्यात सोनं. सुनेचे दिवस भरलेत म्हणाल्या होत्या. दुपटं गालाला लावून बघितलं आणि घेऊन गेल्या. नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही. ग्रुपवर त्या असायचं कारणच नाही. कोळी समाजातल्या असाव्यात, पण कुठल्या? दिवाळे, करावे, सारसोळे, चहूकडे गावं आहेत.

काल मी मच्छी मार्केटला गेले. मी, जी सुरमईचा वास आला की खिडकी लावते! दोघी-तिघींना विचारलं की मोरपंखी दुपटं घेतलेली बाई कुणी ओळखता का. कशाला म्हणून त्यांनी विचारलं. बाळाचं नाव भरून द्यायचंय असं मी सांगितलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि पापलेट घेणार का विचारलं. मी पापलेट घेऊन आले. ते कसं करतात ते माहीत नव्हतं, खालच्या मजल्यावर देऊन टाकलं.

रूपेश म्हणतो की झालं तेवढं पुष्कळ केलंस, कदाचित सुई केरातून गेलीही असेल, आता टेन्शन सोड. मीही दिवसा तसंच म्हणते. पण बिल्डिंगमध्ये कुठलंही बाळ रडलं की मी हातातलं टाकून जिन्यात जाते. ते भुकेचं रडणं आहे की दुसरं काही ते कान लावून ऐकते. काल लिफ्टमध्ये एका बाईच्या कडेवरचं पोर कळवळून रडलं, तर मी तिला विचारलं की तुम्ही याला कशावर झोपवता. ती माझ्याकडे बघतच राहिली.

त्या बाईंच्या सुनेला दिवस भरले होते. आतापर्यंत बाळ आलंही असेल.

ग्रुपवर खरं लिहावं का असं वाटतं, पण मग क्षिप्राचं प्रदर्शन, माझं काम, सगळं गेलं. आणि त्या बाई ग्रुपवर नाहीतच, तर लिहून काय उपयोग? तूच सांग. तिळगूळ पाठवते आहे, हलवा घरी केलाय, काटा बरा आलाय. गोड बोल असं मी तुला कुठल्या तोंडाने म्हणू? तरी लोभाला खळ पडू देऊ नकोस.

तुझी घाबरट,
उत्कर्षा


आंबेवस्ती
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चुलीपुढे बसून तीनदा लिहिलं आणि दोनदा चुलीत घातलं. हे तिसरं. आता कागद संपलेत, त्यामुळे जाईल.

तुझ्या गुडघ्यावरचा डाग बाभळीच्या काट्याचा नाही. तो माझ्या सुईचा आहे.

तू दहा महिन्यांची होतीस. तुझे वडील तेव्हा मुंबईला मार्केटात हमाली करत होते. मी गावातल्या एकीच्या बाळंतपणाची गोधडी शिवायला घेतली होती. तू त्या गोधडीवर रांगायचीस, मी बाजूला टाके घालायचे. एका संध्याकाळी सुई सापडेना. उत्कर्षा, मला त्याच दिवशी ठाऊक होतं की एक सुई कमी आहे. पण मी कुणाला बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या असत्या की दुसऱ्याचं काम अंगावर घेते आणि साधी सुई सांभाळता येत नाही. ज्यांची गोधडी होती त्यांनी ती परत केली असती. मी गप्प बसले आणि मनात म्हटलं, पडली असेल मातीत.

दुसऱ्या दिवशी तू रडायला लागलीस. सगळ्या म्हणाल्या दात येतायत. मीही म्हणाले. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. ताप चढला तेव्हा डॉक्टरकडे नेलं, त्यांनी तापाचं औषध दिलं. त्यांनी मला विचारलं होतं की पडलीबिडली आहे का, काही लागलंय का. मी नाही म्हणाले. डॉक्टरसमोर, तू मांडीवर कळवळत असताना, मी नाही म्हणाले. पाय सुजला तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. त्यांनी कापून सुई काढली. म्हणाले की बाई, पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर एवढं कापावं लागलं नसतं.

पहिला दिवस तू सुईमुळे रडलीस. पुढचे दिवस माझ्या गप्प बसण्यामुळे रडलीस. घरी येताना चालता चालता मी काट्याची गोष्ट रचली, आणि ती इतकी चांगली जमली की तुझे वडील जाईपर्यंत तीच खरी राहिली. आता ती ज्ञानूपर्यंत पोचली हे तुझ्या पत्रात वाचलं.

वार मोजणं तेव्हापासूनचं. नुसते आकडे मोजले असते तर आई घाबरते आहे हे तुम्हा पोरांना कळलं असतं, म्हणून वार म्हणायला लागले. तू टाळ्या वाजवायचीस. तुला तो खेळ वाटायचा.

आता तुझं. तू फुकट नाव भरून द्यायला निघालीस. अगं, जिचं बाळ अजून जन्मालाच आलेलं नाही, तिच्याकडे नाव कुठून येणार? आणि फुकटाची बातमी कुणी दुसऱ्याच्या दारापर्यंत नेत नाही. दुपट्यात सुई आहे म्हणून लिही. मग बघ ती बातमी कशी धावते. पाय नसलेली माणसंसुद्धा ती घेऊन जातील. तुझं नाव जाईल. जाऊ दे, परत येईल. माझं नाव मी राखलं, आणि तेहतीस वर्षं त्या डागाकडे बघायचं टाळते आहे. तुला लहानपणी न्हाऊ घालायला मी मावशीला सांगायचे, ते का, हे आता तुला समजलं असेल.

हे वाचून तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. पण आधी ग्रुपवर लिही, आजच. माझ्यावरचा लोभ तुझ्या मनाला येईल तसा ठेव, मी मागणार नाही.

तुझी,
आई


सीवूड्स
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सापडली. बाळाला काही झालेलं नाही. हे आधी लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, मग बाकीचं.

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी रूपेशने दिलं. मी ते बाथरूममध्ये नळ सोडून वाचलं. खोटं कशाला लिहू, मला आधी राग आला. गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि मनात तुझ्याशी भांडले. एवढं लहान पोर, आणि तू नाही म्हणालीस कशी? मग बाहेर आले तर इंद्रा नेहमीसारखा पोट उघडं करून आडवा झाला होता, चुंबकाची वाट बघत. आणि मला कळलं की मीही दहा दिवस नाहीच म्हणत होते. ग्रुपवर, मच्छी मार्केटात, वाशीला, सगळीकडे. फक्त माझ्या नाहीला रेशमाने नक्षी काढलेली होती.

शुक्रवारी सकाळी ग्रुपवर लिहिलं. मोरपंखी दुपट्यात सुई असू शकते, चूक माझी आहे, बाळाला त्यावर ठेवू नका, ज्यांना ते घेतलेल्या बाई माहीत असतील त्यांनी कृपा करून सांगा. खाली माझं नाव, फ्लॅट नंबर, फोन नंबर. पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटले होते.

मग जे व्हायचं ते झालं. राजलक्ष्मीच्या आईने दुपटं दारात आणून ठेवलं आणि बेल वाजवून निघून गेली, तोंड बघितलं नाही. कुणी लिहिलं की घरगुती माल घ्यायचा म्हणजे हेच. कुणी विचारलं की दहा दिवस झोपा काढत होतात का. क्षिप्रा घरी येऊन खूप बोलली. तिचं बरोबरच होतं. तिने टाकलेली तीन फुलं तिच्याच तोंडावर आली.

पण आई, तू म्हणालीस ते अक्षरशः खरं झालं. दुपारपर्यंत ती बातमी नेरूळभर फिरली. क्षिप्राकडे भांडी करायला भिमाबाई येतात, त्या सारसोळ्यात राहतात. क्षिप्रा मला शिव्या देत होती ते त्यांनी ऐकलं आणि काल सकाळी कामावर यायच्या आधी माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या की त्या तर आमच्या यशोदाबाई, गल्लीभर दुपटं दाखवत होत्या, सून संक्रांतीला बाळंत झाली, आज पाचवी आहे. मी तशीच निघाले. रूपेशने इंद्राला उचललं आणि मला म्हणाला की जा, मी आज गाळ्यावर जात नाही. आई, हा तोच माणूस जो हरभरा चोरून खातो.

रिक्षात तो चुंबक मांडीवर धरून बसले होते. संक्रांतीपासून पाच दिवस. पाच दिवस बाळ कशावर झोपलं असेल, तेवढंच डोक्यात. सारसोळ्यात त्यांच्या ओट्यावर जाळी वाळत घातली होती आणि आत कुठे तरी बाळ रडत होतं. मी ओट्याखालीच थांबले. भिमाबाईंनी दंडाला धरून आत नेलं.

दुपटं पाटाशेजारी घडी घालून ठेवलेलं होतं. पाचवीची पूजा झाल्यावर बाळाला पहिल्यांदा त्यावर ठेवायचं, तोवर जुन्याच लुगड्यात ठेवायचं, अशी त्यांची रीत. संध्याकाळी ठेवणार होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. यशोदाबाईंच्या मुलाचा आवाज चढला. सुनेने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मी खाली बसले आणि चुंबक फिरवला. तीन कोपऱ्यांत काही नाही. चौथ्या कोपऱ्यात कापड वर उचललं गेलं आणि चुंबकाला टक करून चिकटलं.

पट्टी उसवली. मोरपंखी दोऱ्यासकट वाकडा वार बाहेर आला. टोक वरच्या बाजूला होतं, आई. मी तिथेच रडले.

यशोदाबाईंनी सुई हातात घेऊन बघितली, मग मुलाला गप्प केलं. मला म्हणाल्या की आज बालाच्या कपालावर लिवनारी येनार हाय, तिच्या आदी तू आलीस ते बरा केलास. आणि मग जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. पट्टी परत शिवून दे म्हणाल्या. त्यांच्याच घरच्या सुईने मी ती शिवली, त्या समोर बसून बघत होत्या. शिवून झाल्यावर मी सुई त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती सगळ्यांना दाखवून डब्यात टाकली. संध्याकाळी त्याच दुपट्यावर बाळाला ठेवल्याचा निरोप आला. मुलगी आहे.

रविवारची सुई आगपेटीत घालून तुला पाठवते आहे. मला ती घरात नको. तिच्याकडे बघितलं की हात गार पडतात. सहा वार पुरे.

तुझ्यावरचा माझा राग शनिवारी दुपारी, सारसोळ्याच्या ओट्यावरच संपला. तू ते पत्र तिसऱ्यांदा चुलीत घातलं असतंस तर काय झालं असतं, हे मी वाटभर मोजत आले. लोभ कमी करायचं मला जमणार नाही, आणि तूही मागणार नाही असलं काही परत लिहू नकोस.

तुझी,
उत्कर्षा


आंबेवस्ती
बुधवार, २२ जानेवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षा हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. या वेळी ओसरीवर बसून, सगळ्यांदेखत वाचलं. मानसिंग आणि वहिनीला काट्याचं खरं सांगितलं. मानसिंगने उठून माझ्यासाठी चहा करून आणला. त्याने जन्मात पहिल्यांदा चहा केला. साखर विसरला. मी प्यायले.

आगपेटीही पोचली. आता एक राहिलं आहे, तेही सांगून टाकते. डॉक्टरांनी तुझ्या पायातून काढलेली सुई मला कागदात बांधून दिली होती. ती वाकली होती. मी ती दगडावर ठोकून सरळ केली, पण जरा बाक राहिलाच. तीच ही. मी ती टाकली नाही. बाकीच्या सहांमध्ये ठेवली, म्हणजे रोज मोजताना बोटांना ती लागेल आणि मी विसरणार नाही. तुझ्या लग्नात डबा दिला तेव्हा हे सांगायचं होतं. जीभ उचलली नाही. न सांगताच दिली, म्हणून तुला ती नुसती एक सुई वाटली.

ती परत पाठवते आहे. घरात नको असं म्हणू नकोस. सहाच मोजायची सवय लागली तर उद्या एखादी हरवली तरी तुला कळायचं नाही. हात गार पडतात म्हणतेस, तर पडू देत. माझे अजून पडतात.

ज्ञानूला काट्याची गोष्ट सांगितली आहेस, ती मोड. आजीची सुई होती, आणि आजीने वेळेवर सांगितलं नाही, असं सांग. लहान आहे म्हणून टाळू नकोस. आणि गार्डनमध्ये तिला वर बघून चालू दे.

पिशवीत पावटा, गूळ आणि यशोदाबाईंच्या नातीसाठी टोपडं आहे. या वेळी पिशवीचं तोंड शिवलं आहे, जावईबापूंना माझा रामराम सांग. सुई मात्र पिशवीत नाही. आगपेटी उदयसिंहच्या हातात वेगळी दिली आणि त्याला बजावलं की तिकडे मोजून दे. एकच तर सुई, ती काय मोजायची, म्हणून तो हसला.

त्याला हसू दे. तू मोजून घे.

तुझी,
आई